सह्याद्रीच्या आडव्या वाटा आणि उभी वाट

'घाट' या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. एक डोंगराची रांग आणि दुसरा त्या रांगेतून काढलेली वाट. बेळगाव, सावंतवाडी आणि गोमंतक या तीन मुलखांत पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या आम्हा मराठी कुटुंबांना दुसरा अर्थ अधिक परिचयाचा. वेंगुर्ल्याच्या बंदरावर उतरलेला माल रामघाटाने बेळगावास चढत असे. चोर्ल्याच्या वाटेने सत्तरीशी आणि तिनईघाटाच्या वाटेने फोंडा-मुरगावशी व्यवहार चाले. पुढे १८८८ च्या सुमारास मुरगाव ते कॅसलरॉक हा लोहमार्ग झाला. मीठ, नारळ, सुकी मासळी वर आणि धान्य, गूळ, तंबाखू खाली, अशी ही देवाणघेवाण शतकानुशतके चालली. या सर्व वाटा पूर्व-पश्चिम, म्हणजे डोंगराला आडव्या जाणाऱ्या आहेत.

याच डोंगरात आणखी एक वाट आहे. ती दक्षिणोत्तर, कण्याच्या बाजूने उभी जाते. ती कोणी बांधली नाही, तिच्यावर जकातनाका नाही आणि जुन्या नकाशांत तिला नाव नाही. ती गव्याची, सांबराची, हत्तीची आणि वाघाची वाट होय. उत्तरेस कोयनेच्या खोऱ्यापासून दक्षिणेस काळी नदीपर्यंत सुमारे अडीचशे ते पावणेतीनशे किलोमीटरांच्या या पट्ट्यात आज महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक या तीन राज्यांची अभयारण्ये आहेत. ती कोणी, केव्हा आणि कशासाठी आखली आणि हवामान पालटत असताना ती आखणी अपुरी का पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या डोंगरातील सरकारी वनव्यवस्थेचा आरंभ १८४७ सालापासून धरता येतो. त्या वर्षी मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक म्हणून डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची नेमणूक झाली. पेशाने ते वैद्य. पुण्याजवळ दापोडी येथील सरकारी वनस्पतिउद्यानाची व्यवस्था ते पाहत असत. मुंबईच्या गोदीला जहाजांसाठी साग मिळत राहावा हा कंपनी सरकारचा रोकडा हेतू होता. परंतु गिब्सन यांची चिंता एवढ्यावर थांबली नव्हती. कोकणातील डोंगर उघडे पडले की झरे आटतात, खाड्या गाळाने भरतात आणि मुलखाच्या हवापाण्यावर परिणाम होतो, हे त्यांनी सरकारपुढे आग्रहाने मांडले. म्हणजे हवामानाची काळजी ही सह्याद्रीच्या वनव्यवस्थेच्या जन्माइतकीच जुनी आहे. ती विसाव्या शतकाच्या अखेरीस परदेशातून आयात झालेली नाही.

या काळजीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जंगल उघडे पडण्याचा दोष सर्वांत आधी आला तो कुमरी करणाऱ्या डोंगरी कुटुंबांवर. लाकडाचे मोठे गिऱ्हाईक असलेले सरकार स्वतः मात्र रक्षकाच्या भूमिकेत राहिले. १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनी राखीव जंगलांच्या हद्दी पडल्या. राखीव आणि गावकीचे जंगल यांमध्ये एक रेघ आली. त्या रेघेच्या आत गावकऱ्याचा हक्क हा 'हक्क' न राहता 'सवलत' झाला. रक्षण म्हणजे हद्द आखून माणसास बाहेर ठेवणे, ही कल्पना तेव्हा रुजली आणि पुढची दीडशे वर्षे तीच चालत आली.

शिवाय हा डोंगर एका राजवटीचा नव्हता. बेळगाव आणि कारवारकडचा भाग इंग्रजांचा, त्यातही उत्तर कानडा १८६२ साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला. दाजीपूरचे रान कोल्हापूर दरबारचे, आंबोलीचे सावंतवाडी संस्थानचे, तर सत्तरीचा मुलूख पोर्तुगीजांच्या नव्या काबिजादीतला. प्रत्येकाने आपापल्या गरजेने जंगल राखले किंवा तोडले. कोल्हापूरच्या छत्रपतींनी दाजीपूरचे रान शिकारीसाठी राखले म्हणून तेथे गवे टिकले. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावतीवर राधानगरीच्या धरणाचे काम आरंभिले आणि त्या रानाला पाणलोट म्हणूनही महत्त्व आले. १९५८ मध्ये दाजीपूर हे गव्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाले आणि १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन आजचे सुमारे ३५१ चौरस किलोमीटरांचे राधानगरी अभयारण्य झाले. या अभयारण्याच्या मुळाशी शिकार आणि धरण या दोन गोष्टी होत्या.

स्वातंत्र्यानंतर राज्ये बदलली, आखणीची रीत बदलली नाही. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत बेळगाव-कारवार म्हैसूर राज्याकडे गेले. त्या प्रश्नावर आमच्या मंडळींनी आजवर विपुल लिहिले आहे, त्याची पुनरुक्ती येथे नको. येथे एवढेच नोंदवावयाचे की माणसांच्या सीमेबरोबर रानाचीही सीमा पडली. त्याच १९५६ मध्ये दांडेली अभयारण्य झाले. गोवा मुक्त झाल्यावर तेथे १९६८ मध्ये खोतीगाव आणि १९६९ मध्ये मोले येथील भगवान महावीर अभयारण्य आले. महाराष्ट्रात कोयनेच्या प्रचंड जलाशयाभोवती आणि वारणेच्या पाणलोटात १९८५ मध्ये कोयना आणि चांदोली ही अभयारण्ये जाहीर झाली. त्यांपैकी चांदोलीला २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. कर्नाटकात १९८७ मध्ये अणशी राष्ट्रीय उद्यान झाले. दांडेली-अणशी २००७ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले आणि २०१५ पासून तो 'काळी' या नावाने ओळखला जातो.

कोयना आणि चांदोली येथील घनदाट रान पाहून हरखून जाणाऱ्या पर्यटकाला सहसा एक गोष्ट सांगितली जात नाही. ते रान इतके शांत आहे, कारण तेथील गावे उठली आहेत. काही पाण्याखाली गेली, काही पुढे अभयारण्यासाठी हलविली. तेथील माणसे सांगली, कोल्हापूर, ठाण्याकडच्या वसाहतींत गेली आणि जमिनीच्या पट्ट्यांसाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवीत राहिली. संरक्षणाची किंमत कोणी मोजली, या प्रश्नाचे हे प्रामाणिक उत्तर होय.

गोमंतकातील म्हादई (सुमारे २०८ चौ. कि. मी.) आणि नेत्रावळी (सुमारे २११ चौ. कि. मी.) या दोन अभयारण्यांचा जन्म वेगळ्या रीतीने झाला. १९९९ मध्ये गोव्यात राष्ट्रपती राजवट होती आणि राज्यपाल ले. जनरल जे. एफ. आर. जेकब यांच्या कारकिर्दीत ही अभयारण्ये जाहीर झाली. खाणींच्या वाढत्या पसाऱ्याला त्यामुळे मोठा आळा बसला. पण लोकनियुक्त सरकार नसताना झालेला हा निर्णय सत्तरीच्या अनेक गावांना आपला वाटला नाही आणि ती दुखरी नस आजही जाणवते. म्हादईच्या वरच्या अंगाला, खानापूर तालुक्यात, भीमगड अभयारण्य २०११ च्या डिसेंबरात झाले. शिवकाळाशी नाते सांगणारा तो किल्ला आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. त्याच परिसरातील बारापेडे गुहांतील वटवाघळाच्या एका दुर्मीळ जातीची शास्त्रात नोंद १९१३ मध्ये झाली आणि जगात अन्यत्र ती कोठेच नाही, असा समज दीर्घकाळ होता.

अशा रीतीने कोठे साग, कोठे शिकार, कोठे धरण, तर कोठे खाणींना पायबंद, अशा निरनिराळ्या कारणांनी हे तुकडे पडले. प्रत्येक तुकड्याची अधिसूचना वेगळी, व्यवस्थापन वेगळे, राज्यही वेगळे. त्यांना जोडणारा धागा कोणी आखला नव्हता. तो जनावरांनीच दाखवून दिला.

२००२ च्या सुमारास दांडेली-हल्याळकडचे हत्ती खानापूर, चंदगड ओलांडून दोडामार्गात उतरले. केळी, माड आणि भातशेतीची नासधूस झाली आणि सिंधुदुर्गाने कैक पिढ्यांत न पाहिलेला पाहुणा मुक्कामाला आला. पुढे २०१८ मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात कॅमेऱ्याने टिपलेला एक वाघ २०२० मध्ये काळी व्याघ्र प्रकल्पात आढळला. अंगावरचे पट्टे प्रत्येक वाघाचे निराळे असतात, म्हणून ही ओळख पटते. सरळ रेषेत दोनशे किलोमीटरांहून अधिक अंतर त्याने काटले होते. वाटेत तीन राज्यांचे महामार्ग, ऊसमळे, काजूबागा आणि गावे होती. सह्याद्रीची सलगता पूर्णपणे तुटलेली नाही, याचा याहून सबळ पुरावा कोणता?

त्याच २०२० सालाच्या जानेवारीत म्हादई अभयारण्यातील गोळावली येथे एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मृतावस्थेत सापडले. गुरे मारल्याच्या रागातून विषप्रयोग झाल्याचे तपासात पुढे आले. भरपाई वेळेवर न पोहोचल्यास दुभते जनावर गमावलेल्या कुटुंबाला वाघ हा राष्ट्राचा ठेवा वाटत नाही. एकाच वर्षातल्या या दोन नोंदी शेजारी ठेवून वाचाव्यात, असे आम्हांस वाटते. वाट शिल्लक आहे आणि ती किती नाजूक आहे, हे दोन्ही त्यांत दिसते.

येथवर प्रश्न वाघ-हत्तींचा होता. हवामानबदलाने तो संपूर्ण रानाचा केला आहे. डोंगर चढताना दर हजार मीटरांस तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, हे शालेय भूगोलातील सत्य. याचा अर्थ असा की हवा एका अंशाने तापली, तर पूर्वीचाच गारवा मिळण्यासाठी एखाद्या वनस्पतीला वा प्राण्याला सुमारे दीडशे मीटर वर सरकावे लागते. हिमालयात वर जाण्यास जागा आहे. आमच्या सह्याद्रीत ती फार थोडी आहे. गोव्याचे सर्वोच्च शिखर सोंसोगड ११६६ मीटरांच्या आसपास, तर आंबोली सातशे मीटरांच्या आतबाहेर. दोन अंशांची वाढ झाली तर तीनशे मीटर वर सरकावे लागेल. आंबोलीच्या माथ्यावरील बेडकाने जावे कोठे? २००९ मध्ये शास्त्राला नव्याने कळलेली एक इवलीशी भेकजात आंबोलीच्या परिसरातील सड्यांवर वावरते. २०२० मध्ये ओळख पटलेला एक छोटा मासा तेथील हिरण्यकेशीच्या देवकुंडात राहतो आणि त्यामुळे ते स्थान २०२१ मध्ये जैवविविधता वारसास्थळ ठरले. अशा जीवांसाठी दूरवरचा संचारमार्ग कामाचा नाही. त्यांचे पाणी, त्यांची सावली आणि त्यांचा सडा जागच्या जागी राखणे हाच एक उपाय.

इतरांसाठी मात्र वाट हवी, आणि ती केवळ दक्षिणोत्तर असून भागणार नाही. सह्याद्रीत पावसाचा उतार तापमानाच्या उतारापेक्षाही तीव्र आहे. आंबोलीस वर्षाला सात हजार मिलिमीटरांच्या घरात पाऊस पडतो. तेथून पूर्वेस साठ-सत्तर किलोमीटरांवर बेळगावात तो तेराशेवर येतो. एवढ्या अंतरात सदाहरित रान, निमसदाहरित रान, पानगळीचे रान आणि माळ असे सारे थर ओलांडले जातात. पाऊस कमी-अधिक झाला की हे थर पूर्व-पश्चिम सरकतील. तेव्हा कोकणाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत आणि माथ्यापासून जांबोटी-खानापूरच्या पानगळी रानापर्यंत सलगता असावी लागेल.

झाडे चालत नाहीत, हे खरे. पण रान चालते. धनेश पक्षी फळे गिळून मैलभर दूर बिया टाकतो, उदमांजर रात्री तेच करते. मोठ्या बियांची सदाहरित झाडे नव्या जागी जातात ती अशा वाहकांच्या पोटातून. वाहक नाहीसे झाले तर हवामान बदलल्यावर झाड जागीच वाळते आणि त्याची संतती योग्य जागी पोहोचतच नाही. म्हणून धनेशाच्या ढोलीचे जुने झाड राखणे हेही हवामानाच्या नियोजनाचेच काम होय.

पावसाचा स्वभावही पालटतो आहे. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्याचे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखविले. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरी एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. महाडजवळ तळीये आणि पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव येथे दरडींनी माणसे गाडली. मिरगाव तर कोयनेच्या परिसरातले. ज्या उतारावरून रस्ता कापला, ज्यावरील झाडोरा गेला, तो उतार अशा पावसात धोक्याचा ठरतो. जनावराची वाट आणि माणसाचा निवारा या दोन्ही गोष्टी एकाच उताराच्या स्थैर्यावर अवलंबून आहेत.

या साऱ्याचा साकल्याने विचार पहिल्यांदा झाला तो डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीत. २०१० मध्ये नेमलेल्या या समितीने २०११ मध्ये अहवाल दिला. संपूर्ण पश्चिम घाट संवेदनशील मानून त्याचे तीन स्तर करावेत आणि अंतिम निर्णय ग्रामसभांकडून वर यावेत, असे तिचे म्हणणे होते. ज्या गाडगीळांनी १९७० च्या दशकात वा. द. वर्तकांसह महाराष्ट्रातील देवराया अभ्यासल्या, त्यांना लोकांनी राखलेल्या रानाची किंमत ठाऊक होती. राज्यांनी विरोध केला. त्यानंतर डॉ. कस्तुरीरंगन यांच्या समितीने २०१३ मध्ये हे क्षेत्र सुमारे सदतीस टक्क्यांवर आणले. त्यावर आधारलेल्या मसुदा अधिसूचना २०१४ पासून पुनःपुन्हा निघाल्या आणि सहावी २०२४ च्या जुलैअखेर आली.

मध्यंतरी काम न्यायालयांत आणि छोट्या पावलांनी पुढे सरकले. वन्यजीव कायद्यातील २००२ च्या दुरुस्तीने 'संवर्धन राखीव क्षेत्र' हा नवा प्रकार आणला. त्यात अभयारण्याइतके निर्बंध नसतात, गावकऱ्यांचे हक्क अबाधित राहतात आणि व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतीस स्थान मिळते. संचारमार्गासाठी हा प्रकार सोयीचा. २०२० मध्ये महाराष्ट्राने तिलारी जाहीर केले आणि त्याच वर्षाअखेर आंबोली-दोडामार्ग, चंदगड, आजरा-भुदरगड, गगनबावडा, पन्हाळगड, विशाळगड अशा क्षेत्रांना मंजुरी दिली. नकाशावर ही नावे ओळीने ठेवली की राधानगरी आणि तिलारी यांमधील तुटलेले मणी ओवले गेलेले दिसतात. २०२२ च्या मेमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोले परिसरातून जाणाऱ्या लोहमार्गाच्या दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली. २०२३ च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई आणि लगतची क्षेत्रे व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर करावीत, असा आदेश दिला आणि त्याबरोबरच वनहक्कांचे दावे मुदतीत निकालात काढण्यासही सांगितले. त्यावर राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. २०२४ च्या मार्चमध्ये सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातील पंचवीस गावे संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर करण्याचा आदेश मुंबईच्या उच्च न्यायालयाने दिला. २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोब्याची एक वाघीण चांदोलीत आणून सोडली गेली. उत्तरेच्या टोकाला वाघ पुन्हा नांदावेत, हा त्यामागील हेतू.

परंतु या साखळीतील सर्वांत कच्ची कडी सरकारी रानात नाही. ती दोडामार्ग, सावंतवाडी, चंदगडच्या खाजगी आणि गावकीच्या जमिनींत आहे. आंबोली, गेळे, चौकुळ येथील कबुलायतदार गावकर पद्धतीचे उदाहरण घ्यावे. संस्थानकाळापासून ही जमीन गावकऱ्यांनी सामाईक कसली आणि राखली. नंतर सरकारी दप्तरांत ती कोणाची, याचा वाद उभा राहून दशके लोटली. ज्याची मालकीच अधांतरी, त्याला रान राखण्याचा उपदेश कोणत्या तोंडाने करावा? रबराची लागवड करणारा कंपनीला जमीन विकून मोकळा होतो आणि जो राखतो त्याला दावेच लढावे लागतात. अशा स्थितीत रान राखणारा तोट्यात राहतो.

म्हणून नियोजनाचा क्रम उलटा करावयास हवा, असे आमचे मत आहे. आधी हद्द आणि मग माणसांचे काय ते पाहू, ही १८७८ ची रीत झाली. आता आधी हक्क निश्चित व्हावेत, गुरांची आणि पिकांची भरपाई महिन्याच्या आत पोहोचावी, मग वाट आखावी. आखताना ओढ्याकाठची झाडी, सावलीच्या घळी, देवराया आणि सडे यांना प्रथम स्थान द्यावे, कारण हवा तापली तरी गारवा तेथे सर्वांत शेवटी ओसरतो. आणि आपल्या आडव्या वाटा जेथे उभ्या वाटेला छेदतात, त्या चोर्ला, अनमोड, आंबोली अशा जागी रस्ता उंच करून खालून जनावरांस मोकळीक द्यावी. हे अशक्य नाही. पेंचमधून जाणाऱ्या नागपूर-जबलपूर महामार्गावर असे उन्नत मार्ग झाले आहेत आणि त्यांखालून वाघ जाताना टिपले गेले आहेत. कॅनडातील बॅन्फ उद्यानातही महामार्गावरून वन्यपशूंसाठी पूल आहेत.

तीन राज्यांनी एकत्र बसल्याखेरीज यातले काहीच पुरे होणार नाही. म्हादईच्या पाण्याचा वाद लवादापर्यंत गेला आणि २०१८ मध्ये निवाडा होऊनही मिटला नाही. पाणी वाटण्यासाठी राज्ये भांडली, पण ते पाणी धरणारे रान राखण्यासाठी अद्याप एकदाही एका मंचावर स्थिर बसली नाहीत. आम्ही सीमाभागातील आणि गोमंतकातील माणसे मात्र तिन्ही राज्यांत सोयरीक असलेली. सीमेपलीकडचा माणूस परका नाही, हे आम्हांस शिकवावे लागत नाही.

यात आमच्या जुन्या घराण्यांना करता येण्याजोगे एक काम आहे. आपल्या दप्तरांत सनदा, कौल, जमाबंदीचे कागद, शिकारीच्या नोंदी, देवस्थानच्या रानांच्या चतुःसीमा आणि क्वचित आजोबांच्या रोजनिशीतील पावसाचे व आंबा मोहरल्याचे दिवस आहेत. कारवी कोणत्या साली फुलली, कोणत्या ओढ्याला वैशाखातही पाणी असे, कोणत्या वाडीवर वाघाची चौथरी होती, याची उत्तरे कोणत्याही सरकारी दप्तरात इतक्या तपशिलाने मिळणार नाहीत. रान पूर्वी कोठवर होते आणि हवा कशी होती, हे कळल्याशिवाय ते पुढे कोठे सरकेल, हे शास्त्रज्ञांनाही नेमके सांगता येत नाही. ते कागद वाळवीच्या हाती जाण्यापूर्वी त्यांच्या नकला व्हाव्यात आणि त्या अभ्यासकांना खुल्या व्हाव्यात. ज्या घरी असे दप्तर असेल, त्यांनी या पावसाळ्यापूर्वी ते एकदा उघडून पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.